हातचा एक

आठ आणि सात यांची बेरीज पंधरा झाली की आपण पाच खाली मांडतो आणि ‘हातचा एक’ असे म्हणून शेजारच्या घराकडे वळतो. हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारलेला असतो की त्याच्यापाशी क्षणभर थांबावे असे सहसा कोणाला वाटत नाही. हिंदी भाषक मुलगा याच एकाला ‘हासिल’ म्हणतो, म्हणजे प्राप्त झालेला. इंग्रजांचा मुलगा तो पुढे वाहून नेतो. मराठी मुलाच्या मात्र तो हातात असतो. वास्तविक कागदावर बेरीज करणाऱ्याच्या हातात लेखणीखेरीज काही नसते. शिवाय ज्याला आपण एक म्हणतो तो एक नव्हेच, ते दहा आहेत. ही गोष्ट पुष्कळांना शाळा सोडून कितीतरी वर्षे लोटल्यावर उमगते आणि काहींना कधीच उमगत नाही.

मुलाच्या हातात खरोखर काहीतरी देऊन अंकगणित शिकवावे, ही कल्पना आज प्रत्येक अध्यापक विद्यालयात सांगितली जाते. ती युरोपातून आली आणि तिने आपल्याकडील घोकंपट्टीला हटवले, असा सर्वसाधारण समज आहे. या समजात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेल्या अर्ध्यासाठी पंतोजींच्या शाळेपर्यंत, किंबहुना त्याहूनही मागे जावे लागते.

आपल्या प्राचीन गणितज्ञांनी अंकगणिताला ‘पाटीगणित’ असे नाव दिले. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचे तर ते नावच आहे. पाटी म्हणजे लाकडी फळी. तिच्यावर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे, काम झालेला आकडा तळहाताने पुसायचा आणि त्याच जागी नवा मांडायचा. म्हणून या विद्येला ‘धूलिकर्म’ असेही म्हणत. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली. मंगलाचरण आटोपताच तिच्यात काय येते? संख्यांची स्थाने येत नाहीत, बेरीज येत नाही. येते ते नाण्यांचे कोष्टक. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. त्यामागोमाग वजने आणि मापे. एक, दहा, शंभर ही स्थाने त्यानंतर. खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे आचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्या मठातील विद्यार्थ्यांनाही कवडीपासूनच आरंभ करावा लागला असणार. ग्रंथकर्त्याने कवडीला दिलेला हा अग्रमान मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आता पंतोजींच्या शाळेत येऊ. ओसरीवर किंवा देवळात भरणारी ती शाळा, पुढ्यात धूळपाटी, आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरोघर चालणारा परवचा, हे चित्र आपल्या वाङ्मयात अनेकदा आलेले आहे. त्या शाळेतील उजळणी एकपासून तीसपर्यंतच्या पाढ्यांवर थांबत नसे. पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, सवायकी सव्वाचा. औटकी हा साडेतीनाचा. ‘औट’ हा शब्द आज बहुतेकांना परका झाला आहे. संस्कृतातील ‘अर्धचतुर्थ’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने तो आपल्यापर्यंत पोहोचला. तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, असा त्याचा भाव. ‘अडीच’ त्याच रीतीने ‘अर्धतृतीय’ या शब्दापासून आला. माणसाचा देह औट हातांचा, असे आपले संत म्हणतात ते हेच साडेतीन हात. भाषेने अपूर्णांकाला असे एकेक स्वतंत्र नाव द्यावे, याचा अर्थ तो अपूर्णांक रोजच्या हाताळणीतला असला पाहिजे.

आणि तो होताच. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. धान्य मोजायला निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी मापे असली तरी त्यांचे सूत्र एकच, दुप्पट करीत जाण्याचे. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. लहानपणी आमच्या घरी कोठीत ही मापे एकात एक घालून ठेवलेली असत, आणि पावसाळ्यात बाहेर जाता येईनासे झाले की ती पसरून तांदूळ एकातून दुसऱ्यात ओतीत बसणे हा आम्हां भावंडांचा ठरलेला खेळ होता. आजी रागावे ती सांडलेल्या तांदळांबद्दल. आम्ही अपूर्णांक शिकत आहोत हे तिच्या ध्यानात आले नाही आणि आमच्याही नाही.

अडीच आणे शेराने सात शेर घेतले तर किती झाले? अडीचकी पाठ असलेला मुलगा ‘साडेसतरा आणे’ म्हणून मोकळा होई. त्यातून सोळा आणे काढले की एक रुपया दीड आणा. कागद नाही, लेखणी नाही. या मुलाने अडीचकी घोकली होती हे खरे. पण ज्या वस्तूंविषयी ती होती त्या शाळेबाहेर त्याच्या हाताखालून रोज जात होत्या. उजळणीला वस्तूंचा आधार नव्हता असे म्हणणारे शाळेच्या चार भिंतींत पाहतात. आधार होता, तो बाजारात होता, कोठीत होता, खळ्यावर होता. शाळेने फक्त जिभेचे काम आपल्याकडे घेतले होते, हाताचे काम गाव करीत असे.

मात्र गाव हे काम सर्वांसाठी सारखे करीत नसे. पंतोजींच्या पुढ्यात बसणारी मुले बहुशः ब्राह्मणांची, वाण्यांची आणि कुळकर्ण्यांच्या घरची. ज्यांच्या अंगणात मापे होती त्यांची. मुलींना शाळा नव्हती. त्यांच्या वाट्याला सागरगोटे होते. पाच सागरगोट्यांतला एक वर उडवायचा आणि तो खाली येईतो उरलेले चार उचलायचे, आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चाराच्या अशा निरनिराळ्या विभागण्या त्या पोरी डोळ्यांच्या पात्या लवायच्या आत करून दाखवीत. याला गणित म्हणावे असे कोणाला सुचले नाही. आणि जे मापाच्या दुसऱ्या बाजूला उभे असत, ज्यांना धान्य मोजून मिळे पण मोजता येत नसे, त्यांना ना उजळणी होती ना माप. या लोकांकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

मद्रासेत १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख झाले. एका देशी शाळेवरून जाताना त्यांनी मुलांना जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटांनी अक्षरे काढताना पाहिले. त्यांनी ती रीत आपल्या आश्रमात आणायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या शिक्षकांनी ती मनावर घेतली नाही. मग बेल यांनी एका आठ वर्षांच्या मुलालाच शिक्षक नेमले. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचे आणि वाळूवर लिहायचे, या दोन गोष्टी घेऊन ते परतले आणि १७९७ मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगाचे वृत्त छापले. पुढे गरिबांच्या मुलांसाठी इंग्लंडात निघालेल्या असंख्य शाळांतून वाळूचे तबक गेले. आपली धूळपाटी अशी विलायतेला जाऊन आली. आली तेव्हा तिच्यावर ‘मद्रास पद्धती’ अशी चिठ्ठी लागली होती, आणि इकडे आमचे शिक्षणाधिकारी दगडी पाट्यांची मागणी नोंदवू लागले होते!

याच सुमारास स्वित्झर्लंडात एका विलक्षण माणसाचे काम चालू होते. जोहान हाइन्रिख पेस्टालोझी यांचा जन्म झुरिचचा, १७४६ चा. शेती केली ती बुडाली, अनाथ मुलांसाठी उद्योगशाळा काढली ती बंद पडली. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केलेल्या स्टान्स गावात त्यांच्याकडे सुमारे ऐंशी पोरकी मुले सोपवण्यात आली. पुस्तके नव्हती, मदतनीस नव्हते. खडे, वाटाणे, काड्या हीच साधने. शब्दापूर्वी वस्तू आणि आकड्यापूर्वी मोजणी, हा त्यांचा आग्रह. मुलाला ‘तीन’ हे अक्षर दाखवण्याआधी तीन खडे, तीन बोटे, तीन झाडे यांच्यात समान काय आहे ते त्याला दिसले पाहिजे. पुढे इव्हर्डन येथील त्यांच्या शाळेत युरोपभरचे लोक आले आणि तेथील मुलांचे तोंडी गणित ऐकून थक्क झाले.

परंतु या कथेला एक उपकथा आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. पेस्टालोझींनी खड्यांच्या जागी रेघांचा एक तक्ता तयार केला होता. दहा ओळी, प्रत्येकीत दहा घरे, घरांत एकपासून दहापर्यंत रेघा. वस्तूकडून चिन्हाकडे जाण्याचा तो जिना होता. त्यांच्या अनुयायांनी जिन्यालाच घर मानले. मुले तक्त्यासमोर उभी राहून छडीच्या टोकाबरोबर एका सुरात ‘दोन वेळा एक, तीन वेळा एक’ असे तासन्‌तास म्हणू लागली. घोकंपट्टीचे औषध म्हणून जे आले त्याचीच घोकंपट्टी झाली. मणी असोत की ठोकळे, ते कसे हलवायचे हेही पाठ करता येते, आणि तसे पाठ केलेले हात पाठ केलेल्या जिभेहून शहाणे असतात असे नाही.

मण्यांवरून आठवले. शाळाशाळांतून दिसणारी ती तारांची चौकट, जिच्यावर रंगीत मणी इकडून तिकडे सरकवतात, तिच्या प्रवासातला एक टप्पा मोठा गमतीचा आहे. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत १८१२ मध्ये झां-व्हिक्टर पाँस्ले हा तरुण फ्रेंच अधिकारी कैद झाला. व्होल्गाकाठच्या साराटोव्ह गावी बंदिवासात त्याने भूमितीत थोर संशोधन केले. तेथे रशियन दुकानदार मण्यांच्या चौकटीवर हिशेब करताना त्याने पाहिले आणि सुटकेनंतर ती चौकट तो मेट्झला घेऊन गेला. मोठ्यांच्या हिशेबाला ती तेथे कोणी वापरली नाही. बालशाळांनी मात्र उचलली. येथेही पुन्हा बाजारच.

इव्हर्डनला दोन वर्षे राहून गेलेल्यांत फ्रीड्रिख फ्रोबेल हे एक. बालपणी वनरक्षकाच्या हाताखाली काम केलेला आणि पुढे स्फटिकांचा अभ्यास केलेला हा मनुष्य. १८४० मध्ये त्यांनी आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, मुलांची बाग, असे नाव दिले. त्यांनी मुलांसाठी ‘देणग्या’ रचल्या. तिसऱ्या देणगीत एक लाकडी घन, तो उकलला की आठ छोटे घन होतात आणि पुन्हा जोडला की एक. अर्धा, पाव, अष्टमांश हे सारे मुलाच्या मुठीत. पायलीच्या मापांशी याचे किती सख्खे नाते आहे पाहा! फरक इतकाच की पायली दुकानदारासाठी घडवली होती आणि हा घन मुलासाठी. हा फरक लहान नाही. बाजारातले माप मुलाला ओझरते भेटते, घाईत भेटते, आणि चुकले तर मार बसतो. शाळेतला घन त्याला पुन्हा पुन्हा मोडता येतो.

या परंपरेचे अत्यंत सूक्ष्म रूप डॉ. मारिया माँटेसरी यांच्या साधनांत दिसते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या तांबड्या-निळ्या पट्ट्यांच्या दहा काठ्या. मुलाला ‘दहा’ उचलायचे तर दोन्ही हात पसरावे लागतात. नंतर चात्यांची पेटी. तिला शून्यापासून नऊपर्यंत खण आणि चात्या पंचेचाळीस. शेवटची चाती शेवटच्या खणात गेली की सारे बरोबर. एक उरली वा कमी पडली तर चूक कोठेतरी झाली, हे शिक्षिकेने सांगावे लागत नाही. आणि शून्याचा खण रिकामा. शून्य शिकवण्यासाठी माँटेसरीबाई एक खेळ घेत. एखाद्या मुलाला त्या ‘माझ्याकडे शून्य वेळा ये’ असे सांगत. पोर हमखास धावत येई, आणि सारा वर्ग हसे. जागच्या जागी स्थिर उभे राहणे हेच शून्य, हे कळायला थोडा वेळ लागे. शून्य ज्या देशाने जगाला दिले म्हणून आपण अभिमानाने सांगतो, त्या देशातल्या किती शाळांत मुलाला तो रिकामा खण पाहायला मिळाला असेल?

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध साधन सोनेरी मण्यांचे. एक सुटा मणी, दहा मण्यांची सरी, शंभरांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन. १ आणि १००० यांत कागदावर तीन शून्यांचे अंतर दिसते. येथे एका हातात मणी आणि दुसऱ्या हातात घन घेतला की ते अंतर मनगटाला कळते. दहा सुटे देऊन एक सरी घ्यायची, दहा सऱ्या देऊन एक चौरस. ‘हातचा’ येथे खरोखर हातात येतो.

नोव्हेंबर १९३९ मध्ये माँटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या. काही महिन्यांसाठी आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचे पुत्र मारिओ यांना तेव्हाच्या अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि ऑगस्टअखेर, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने त्यांना सोडले. पुढे कोडाईकनालच्या मुक्कामात मायलेकांनी मोठ्या मुलांसाठीही पुष्कळ काम केले. त्यांच्या वर्गांना देशाच्या सर्व प्रांतांतून शिक्षक आले, आणि परतताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता: ही साधने आणायची कोठून?

कारण ती महाग होती. नेमक्या मापाची, सुबक, रंगवलेली, काचेच्या मण्यांची. शहरातील संपन्न शाळांना ती परवडली. त्यामुळे रोमच्या दरिद्री वस्तीत जन्मलेली पद्धती भारतात श्रीमंतांची म्हणून ओळखली जाऊ लागली.

या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तर शोधले गेले. एक दिशा वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला. हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम, असे त्याचे सूत्र. सात वर्षांच्या मुलाच्या हातात टकळी आली. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. आज किती तार काढले, काल किती, गुंडी भरायला किती उणे, पाच जणांनी मिळून किती? हे प्रश्न पुस्तकातले नव्हते, मुलाच्या मांडीवर पडलेल्या सुताचे होते. हातातून संख्या आणि संख्येतून हिशेब, हा क्रम येथे किती स्वाभाविकपणे आला! तरीही मला वाटते की या योजनेत एक धोका होता. सूत विकले जावे अशी अपेक्षा असल्यामुळे मुलाचे लक्ष शेवटी गुंडीकडे लागे, आणि गुंडीत जे बसत नाही ते गणित बाजूला पडे. मुलाला चुकायला, मोडायला, पुन्हा मांडायला जी मोकळीक हवी ती उत्पादनात मिळत नाही.

दुसरी दिशा भावनगरहून निघाली. वकिली सोडून मुलांत रमलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. माँटेसरींचा विचार त्यांनी ग्रंथांतून घेतला आणि गुजरातच्या मातीत रुजवला. १९३९ च्या जूनमध्ये ते गेले. बाई भारतात उतरल्या त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी, ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघी बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने तो साऱ्या देशात नेला.

अंगणात सोनेरी मणी नव्हते. शिंपले होते, खडे होते, चिंचोके होते, झाडांची पाने आणि बिया होत्या. लहानमोठेपणाच्या क्रमासाठी मडकी एकावर एक रचता येत. चिंचोका फोडला की पांढरी आणि काळी अशा दोन बाजू होतात, त्यांचे फासे करून मुले दान मोजीत. ताराबाईंनी माँटेसरींचे तत्त्व ठेवले आणि साहित्य बदलले. असे करताना थोडी नेमकेपणाची हानी झाली, हे मान्य करावे लागेल. काचेचे हजार मणी एकसारखे असतात, हजार चिंचोके नसतात. पण चिंचोका हरवला तर दुसरा झाडाखाली सापडतो, आणि म्हणून तो कपाटात कुलपाआड ठेवावा लागत नाही. महाग साधने कुलपात राहतात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतात, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

बोर्डीच्या आसमंतात १९४५ या वर्षाला दुसराही एक अर्थ आहे. त्याच वर्षी उंबरगाव आणि डहाणूकडील वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास सांगितला आहे. गवतकापणीच्या संपात मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. अडीच! पंतोजींच्या शाळेत ज्या पाढ्याची पिढ्यान्‌पिढ्या संथा झाली, तो अडीचाचा आकडा आता मापाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने उच्चारला होता. गवत किती कापले, काट्यावर किती भरले, हातात किती आले, हे ज्याला मोजता येत नाही त्याला मजुरी मिळते ती देणाऱ्याच्या मर्जीने. ताराबाई आणि अनुताई १९५७ च्या सुमारास त्या मुलुखातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. जेथे गुरे तेथे शाळा. त्या कुरणावर खडे मोजणाऱ्या मुलाच्या मागे हे सारे उभे होते.

आता १९५७ याच वर्षाचा दुसरा प्रसंग. १ एप्रिलला देशात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे झाले. काही काळ दोन्ही नाणी एकत्र चालली आणि दुकानादुकानांतून रूपांतराची कोष्टके टांगली गेली. एका आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा. तीन आण्यांचे मात्र अठरा नव्हेत, एकोणीस, आणि चार आण्यांचे पंचवीस! मागोमाग किलोग्रॅम आणि मीटर आले, १९६२ पर्यंत शेर आणि मण व्यवहारातून कायद्याने गेले. हा बदल योग्य होता. प्रांताप्रांताची निराळी पायली घेऊन एक देश हिशेब करू शकत नाही. पण या बदलाने शाळेवर जो भार टाकला त्याची दखल पुरेशी घेतली गेली नाही. पावकी, सवायकी, औटकी या पाढ्यांच्या पायाखालचा बाजार निघून गेला. त्यामुळे पाढेही गेले, ते जाणारच होते. अपूर्णांक मात्र गेला नाही, तो पाठ्यपुस्तकातल्या छेदलेल्या वर्तुळांत जाऊन बसला. स्वयंपाकघरात चतकोर भाकरी उरली, तिला कोणी गणित म्हणेना. पूर्वी हाताचे काम गाव करी आणि जिभेचे शाळा. आता हाताचे कामही शाळेनेच करायला हवे होते, आणि पुष्कळ शाळांनी यांपैकी एकच काम चालू ठेवले.

त्यानंतर पावलीही गेली. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे आणि त्याखालील नाणे चलनातून बाद झाले. पुढे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आणि आज शहरातच काय, खेड्यातल्या टपरीवरही पुष्कळ देणीघेणी नाण्याला स्पर्श न करता होतात. वाण्याकडून उरलेले पैसे मोजून आणणारा मुलगा दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे. ज्याचा शिधा पुडक्यात बंद येतो आणि ज्याचा पैसा काचेवरच्या आकड्यात असतो, त्याला संख्या हातात घेण्याची जागा उरते ती शाळेची.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. ‘बहात्तर’ऐवजी ‘सत्तर दोन’ असेही म्हणावे, अशी सूचना त्या पुस्तकात होती. भाषेची हानी होते म्हणून काहींनी टीका केली, विनोदही पुष्कळ झाले. मराठीतील संख्यानामे कठीण आहेत यात शंका नाही. बहात्तर या शब्दात दोन आधी आणि सत्तर नंतर, तर अंकांत सात आधी आणि दोन नंतर. एकोणसत्तरात तर सत्तर ऐकू येतात आणि लिहायचे असतात सहा आणि नऊ. माझ्या मते ‘बहात्तर’ राहावे. हजार वर्षांचे शब्द मुलाच्या सोयीसाठी मोडू नयेत, मुलाला त्या शब्दांच्या आत जाता येईल अशी व्यवस्था करावी. ती व्यवस्था महाग नाही. खराट्याच्या काड्या, सुतळीचे तुकडे आणि एक रिकामी दुपार. दहा काड्या झाल्या की मुलाने स्वतः गठ्ठा बांधायचा, शिक्षकाने बांधून द्यायचा नाही. सात गठ्ठे आणि दोन सुट्या पुढ्यात असल्या की तिला बहात्तर म्हणा की सत्तर दोन, मुलगी गोंधळत नाही.

त्या बहात्तरांतून पस्तीस काढायला सांगितले तर ती प्रथम सुट्या काड्यांकडे पाहते. दोनच आहेत, पाच हव्यात. ती शेजारणीकडे पाहते, मग गठ्ठ्यांकडे. थोडा वेळ जातो. येथे शिक्षकाने काही बोलू नये. मग ती एक गठ्ठा ओढून घेते आणि सुतळीची गाठ सोडते. दहा काड्या जमिनीवर पसरतात, आधीच्या दोन त्यांत मिसळून बारा होतात. बारांतून पाच ती बाजूला सारते, उरलेल्या मोजते, सात. गठ्ठे सहा राहिले आहेत. त्यांतले तीन ती उचलून देते आणि सुटलेली सुतळी पुढच्या वेळेसाठी बोटाला गुंडाळून ठेवते.